अठ्ठेचाळीस हजार दोनशे सोळा

ता. ४ ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही ‘सगळं ठीक’ म्हणता आणि फोन आईच्या हातात देता, म्हणून हा पत्राचा घाट. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तेव्हा सवडीने वाचा.

गाडीची बॅटरी तिसऱ्यांदा उतरल्याचं आईकडून कळलं. निदान या एका बाबतीत तुमच्या आठवी नापास मुलाचं ऐका. आमच्या शेडमध्ये बेचाळीस गाड्या नुसत्या उभ्या असतात. मालक सहा-सहा महिने परदेशी. धूळ पुसायची, चाकांतली हवा बघायची आणि बॅटरी जिवंत ठेवायची, एवढ्याचाच मला पगार मिळतो. प्रत्येक गाडीला एक छोटा चार्जर लावलेला असतो. पोट भरलं की आपोआप थांबतो, भूक लागली की परत चालू. माझ्यापेक्षा शहाणा.

उभी गाडी झोपलेली दिसते, पण आतलं घड्याळ, चोराचा भोंगा, दाराची कुलपं, सगळी थेंब थेंब पीत असतात. आणि जागच्या जागी पाच मिनिटं इंजिन चालवून बंद केलं तर उलट नुकसान. सुरू करतानाच बॅटरी एवढा मोठा घोट देते की पाच मिनिटांत तो भरून येत नाही. अर्धा तास रस्त्यावर पळाली तर भरते. पण तुम्ही तर दर रविवारी तलावापर्यंत चक्कर मारता, म्हणजे जाऊन-येऊन तीस किलोमीटर. मग ती उतरते कशी, हेच मला उमगत नाही.

चौदा ऑक्टोबरला आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. दवाखाना दीड तासावर. तीस वर्षं बस चालवलेला माणूस शेजारी असेल तरच मी जाईन, असं तिनेच तुम्हाला बजावलंय. नाहीतर तिसऱ्यांदा तारीख पुढे ढकलायला ती टपलेलीच आहे. तेव्हा काहीही झालं तरी बॅटरी उतरू देऊ नका.

मला इथे सात महिने झाले. बेकरीत दीड महिना, फरशीच्या कारखान्यात तीन, त्या मानाने हा विक्रमच. मुकादम म्हणतो, पाय असाच टिकला तर पुढच्या वर्षी वायरिंग शिकवीन.

आईला नमस्कार. माझ्यावरचा राग थोडा कमी आणि माया आहे तेवढी असावी.

तुमचा
भिंगरी

---

ता. १७ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. अक्षर लागायला दोन दिवस गेले, बाकी मजकूर ठीक.

तुझ्या पत्राने इथे घोटाळा झाला. मी बाजारात गेलो असताना मेकॅनिक बॅटरी काढून चार्जिंगला न्यायला आला. तुझी आई फाटकात खुर्ची टाकून बसलेली. तिने त्याला बॉनेटला हात लावू दिला नाही. म्हणे, मुलाने स्वच्छ लिहिलंय, काहीही झालं तरी बॅटरी उतरू देऊ नका, आणि तुम्ही तर ती उतरवायलाच आलात. बिचारा पाना घेऊन परत गेला. दुसऱ्या दिवशी मी स्वतः बॅटरी उचलून त्याच्या दुकानात नेली आणि भरून आणली.

ती नवव्या दिवशी परत बसली. बॅटरीच भिकार निघाली, दुसरं काही नाही. रविवारची चक्कर चालू आहे. परवा तलावावर गार वारा होता. तू तुझ्या बेचाळीस बघ, माझ्या एकीची काळजी करू नकोस.

नोकरी धरून राहा. खुशाली कळवत जा, म्हणजे आमचाही दिवस चांगला जातो.

तुझे
बाबा

---

ता. २५ ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आईच्या फाटकावरच्या पहाऱ्याची गोष्ट शेडमध्ये सगळ्यांना सांगितली. मुकादमाला ठसका लागला. यापुढे मी ‘रिकामी होऊ देऊ नका’ असं लिहीन.

भरून आणलेली बॅटरी नऊ दिवसांत बसते म्हणजे कुठेतरी चोर आहे. तीन गोष्टी बघून कळवा. डिकीचा दिवा झाकण लावल्यावर विझतो का? बॅटरीच्या टोकांवर पांढरी पूड धरली असेल तर सोड्याच्या गरम पाण्याने धुवा. आधी काळी वायर सोडायची, लावताना ती शेवटी. आणि रविवारी चक्कर मारून आल्यावर किलोमीटरचा आकडा लिहा. इथे प्रत्येक गाडीच्या कार्डावर तो असतो, त्याच्यावरून मी हिशेबाला बसतो.

काल एका मालकीणबाईंनी विमानतळावरून येऊन थेट किल्ली फिरवली. गाडी पहिल्या फटक्याला सुरू. बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, पण माझी छाती दिवसभर फुगलेली होती.

लोभ चार्जरसारखा चालू ठेवावा.

भिंगरी

---

ता. ४ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

डिकीचा दिवा विझतो. मी आत हात घालून, फटीतून बघून खात्री केली. टोकं धुतली. पूड होती थोडी.

आकडा : ४८,२१६.

आईचा गुडघा बोलतो आहे, पण तिचं तोंड त्याच्यापेक्षा जास्त.

बाबा

---

ता. ७ सप्टेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र चार ओळींचं, पण चारदा वाचलं.

जानेवारीत तुम्ही मला स्टेशनवर सोडलंत. इंजिन बंद केल्यावर सवयीने मला आकडा मोठ्याने वाचायला लावलात, बसमध्ये लावायचात तसाच. ४८,२०९. तो मी तिकिटाच्या मागे लिहिला होता, उगाच. स्टेशन ते घर सात किलोमीटर.

बाबा, तीस वर्षं रोज लॉगशीट भरलेल्या माणसाच्या हातून आकडा खोटा लिहिला जात नाही, हे मला ठाऊक आहे. तलाव, गार वारा, ते काहीही लिहिता येतं. म्हणून मी का, कसं, काही विचारत नाही. बॅटरी चांगली आहे, एवढं मात्र नक्की.

मी बारा ऑक्टोबरला पोचतो. आईला मी नेईन. ऑक्टोबरात मालक परत येतात, त्या महिन्यात जो जाईल त्याने परत यायचं नाही, असा मुकादमाचा नियम आहे. पण नोकरी सोडायची मला सवय आहे. तिकीट काढायच्या आधी तुमचा होकार हवा. शनिवारपर्यंत वाट बघतो, पत्र नाही आलं तर फोन करतो.

तुमच्या मायेचा हक्कदार,
भिंगरी

---

ता. १४ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तिकीट काढू नकोस.

तुला सोडून आलो त्या सकाळी गल्लीत गाडी मागे घेताना चाकाखाली काहीतरी कडकडलं. उतरून बघेपर्यंत मनात जे जे आलं ते लिहीत नाही. शिंप्याची सायकल होती, आडवी पडलेली. जवळ कोणी नव्हतं. मी ती सरळ करून आणली, शिंपी हसला, चहा पाजला. विषय मिटला. दुसऱ्या दिवशी रिव्हर्स टाकायला गेलो आणि पाय क्लचवरून उठेना. तीस वर्षं मागे कंडक्टर उभा असायचा. त्याने पत्र्यावर दोन थापा मारल्या की यायचं, एक मारली की थांबायचं. मागे कोणी नसताना मोठी गाडी मी एकदाही मागे घेतली नाही, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं.

रोज सकाळी अंगणात पाच मिनिटं इंजिन चालवायचो. तू म्हणतोस तो घोट मीच रोज पाजत होतो.

तुझं पत्र मी आईला वाचून दाखवलं. म्हटलं आता आकाश कोसळणार. तिने शांतपणे सांगितलं की तिला जानेवारीपासून ठाऊक आहे. रविवारी मी तलावावर म्हणून चालत जायचो ते बागेत बसायचो, हे तिला भाजीवालीने सांगितलं होतं. मग तिने काठी घेतली, गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि डिकीवर दोनदा ठोकलं.

आलो मागे. काय करतो?

ता. ११ : ४८,२१७. गल्लीच्या तोंडापर्यंत आणि परत. घाम.
ता. १२ : ४८,२२२. बाजार. कंडक्टर बडबडी आहे.
ता. १३ : ४८,२५२. तलाव. यावेळी खरा. वारा गार नव्हता.

तू तिथेच राहा. एका घरात एकाच वेळी दोघांनी जागा सोडायची नसते. मी माझ्या जागेवर बसलो आहे.

तुझे
बाबा

---

ता. १८ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

दवाखान्यातल्या पलंगावरून लिहिते आहे, तेव्हा ओळी तिरक्या. ऑपरेशन नीट झालं. काल वॉकर धरून खिडकीपर्यंत चालले.

येताना तुझे बाबा एवढ्या सावकाश चालवत होते की एक ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला, त्याचा ड्रायव्हर वळून बघत होता. मी म्हटलं, अहो, ऑपरेशनची तारीख आजची आहे. मग जरा पळवली.

दवाखान्याच्या दारात गाडी मागे घ्यायची वेळ आली. मी आत पाय लांब करून बसलेली, उतरून ठोकणार कशी? मी काठी घट्ट धरून बसले. पहारेकरी मागे जाऊन हात हलवायला लागला. तुझ्या बाबांनी त्याला बाजूला व्हायला सांगितलं. स्वतः उतरले, गाडीमागे जाऊन वाकून बघितलं, चाकाखाली बघितलं, परत येऊन बसले आणि एका दमात गाडी दोन खांबांच्या मधे लावली.

त्यांना रोज यायची गरज नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, इथे बघायला नर्स आहेत. दीड तास येणं, दीड तास जाणं, कशाला दगदग. तरी सकाळी नऊच्या ठोक्याला खाली हॉर्न वाजतो. बाईंनी कारण विचारलं तर म्हणाले, बॅटरीसाठी यावं लागतं, मुलाने लिहून कळवलंय.

आमचा लोभ आहेच. तुझा त्या नोकरीवर असू दे.

तुझी
आई