ब्रिंग की ब्रिंग्ज

द्रोणागिरी (उरण), ३ जुलै २०२५

ती. सौ. उज्ज्वलाअक्कास मंजूचा शि. सा. न. वि. वि.

घरात सगळ्यांचे कान असतात, म्हणून फोन न करता लिहितेय. आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायला इथल्याच जासई गावची नमिता आलीय. आईशी फोनवर ‘मी बरी हाय’ म्हणते आणि वर्गात असं इंग्रजी बोलते की मुलं आता माझ्या तासाला खिडकीबाहेर बघतात. विभागप्रमुख तीच होणार म्हणे. मग इतकी वर्षं मी काय केलं?

पण परवा सापडली! तिच्या नोटिशीत ‘दि स्कूल इन्सिस्ट्स दॅट एव्हरी चाइल्ड ब्रिंग अ बॉटल’ असं आहे. मूल एकच, मग ‘ब्रिंग्ज’ नको? सोमवारी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर दाखवणार आहे. तू जन्मभर इंग्रजी शिकवलंस. चूकच आहे, एवढं कळव.

लोभ आहेच, या वेळी जरा जास्त लागेल.

तुझी मंजू

सातारा, ५ जुलै

चि. सौ. मंजूस अनेक आशीर्वाद.

फोन केले, तू उचलत नाहीस. नमिताचं बरोबर आहे गं. आग्रह, मागणी, इच्छा आली की तिथे क्रियापद मूळ रूपातच राहतं. आपण नाही का ‘आणतो’ न म्हणता ‘आणावी’ म्हणत? मीटिंगमध्ये तोंड उघडू नकोस. आणि जेवत जा.

तुझी अक्का

द्रोणागिरी, ११ जुलै

ती. सौ. अक्कास सा. न.

तू ‘बरोबर आहे’ म्हणशील, या भीतीनेच फोन उचलला नाही. तुझं पत्र मंगळवारी आलं. सोमवारी मी बोलून बसले होते.

नमिताने मला उघडं पाडलं असतं तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली की मॅडमची शंका रास्त आहे, हल्ली दोन्ही चालतं, मी सोपं करून लिहिते. सगळे तिच्याकडे कौतुकाने बघत राहिले. बुधवारी विभागप्रमुखही तीच झाली. इंग्रजी येतं ते येतं, वर हा चांगुलपणा! जेवण गेलं नाही मला.

काल स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की नमिताचंच बरोबर होतं, नियम मलाच माहीत नव्हता. तिचे उपकार घेऊन रोज तिच्यासमोर बसणं मला जमलं नसतं. तर सगळे माझ्याच मोठ्या मनाचं गुणगान करायला लागले. नमिताही हसली, पण चेहरा जरासा उतरला होता.

अक्का, तुला म्हणून सांगते, काल मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

मंजू