नुसतं बसायचा पगार

अण्णा,

तुमची नात आता चौदा वर्षांची झाली आणि ती बेसबॉल खेळते. क्रिकेट नाही, कबड्डी तर नाहीच नाही. इथे हॉलंडात, आइंडहोवनमध्ये राहून पोरीला हाच खेळ कुठून सापडला ते देव जाणे, पण दर शनिवारी सकाळी आम्ही दोघी सायकली काढतो आणि ती पाठीला बॅट लावून माझ्या पुढे सुटते. क्लबात आई-बापांच्या पाळ्या असतात, त्यामुळे महिन्यातून एकदा मी तिथल्या कँटीनमध्ये उभी राहून पोरांना तळलेलं कायबाय विकते. त्यातलं निम्मं मी स्वतः तोंडात घालणार नाही. तुम्ही असता तर हसून हसून बेजार झाला असता. खेळ मात्र तुम्हाला आवडला असता. एकटा गडी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत धावत सुटतो आणि बाद न होता जिथून निघाला तिथे परत यायला बघतो. चढाईच की ती. मी तिला तसं म्हटलं, तर तिने खांदे उडवले. कबड्डी तिने कधी बघितलीच नाही, तिला काय सांगणार.

इथे शाळेत मुलांना वर्गासमोर उभं राहून एखाद्या विषयावर बोलावं लागतं. हिने विषय घेतला अमेरिकेतल्या बड्या बेसबॉलपटूंच्या लांबलचक कॉन्ट्रॅक्टचा. मला ओ की ठो कळेना, तेव्हा जेवताना तिने समजावून सांगितलं. माझं मराठी तिला सगळं कळतं, उत्तर येतं डचमधून, राग आला की इंग्रजीतून. म्हणाली, पहिली काही वर्षं खेळाडू एकाच क्लबला बांधलेला असतो, ते देतील ते घ्यायचं. मग एक दिवस तो मोकळा होतो आणि सगळे क्लब त्याच्या दाराशी येतात. तोवर त्याची तिशी आलेली असते. आणि तो मागतो काय, तर दहा-बारा वर्षांचा करार, पार चाळिशी उलटेपर्यंतचा. "आणि देतात?" मी विचारलं. "देतात ना! आई, शुद्ध वेडेपणा आहे हा. शेवटी शेवटी त्याला धड धावतासुद्धा येत नाही. तो नुसता बसणार आणि नुसतं बसायचा पगार घेणार." माझा घास हातातच राहिला. तुम्हाला मी हेच म्हटलं होतं, अण्णा, जवळजवळ याच शब्दांत.

आठवतंय ना? न आठवायला काय झालं. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एकोणीस वर्षांची, जगातली सगळी अक्कल माझ्याकडे. कॉलेजने आम्हाला एक कारखाना दाखवायला नेलं आणि तो नेमका तुमचा निघाला. मशीन शॉप झालं, फाउंड्री झाली, मग स्टोअर. खिडकीशी तुम्ही खुर्चीत बसलाय, उजवा पाय लांब सोडून, पुढ्यात पेपर. आम्हाला फिरवणारा सुपरवायझर डोळा मारून म्हणतो, "हे आमचे जावई. खेळावर नोकरीला लागलेत. यांना काम सांगायचं नसतं." पोरं खिदळतात. तुम्ही मला बघता, तुमचा चेहरा असा काही फुलतो, आणि हाताने टेबलाचा आधार घेत उठायला लागता. आणि मी मान वळवून अग्निशामक नळकांडी बघत बसते. ओळख दाखवली नाही मी तुम्हाला. तुम्ही अर्धे उठलेले तसेच खाली बसलात.

त्या संध्याकाळी तुम्ही ओट्याशी उभे राहून लसूण सोलत होता आणि आई भाकरी थापत होती. मी बॅग आपटली आणि म्हटलं, "नुसते बसता तुम्ही तिथे. नुसतं बसायचा पगार घेता. लाज वाटली मला." आईने थापती भाकरी तशीच परातीत टाकली. "जीभ हासडून हातात देईन," म्हणाली. तुम्हीच तिला गप्प केलंत. "अगं, बसतो की मी खरंच. खोटं काय बोलली ती?" आणि सोललेल्या पाकळ्या वाटीत घालून तिच्याकडे सरकवल्यात. आवाज चढला नाही, काही नाही. मला वाटलं, विषय संपला.

आई मात्र आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, आणि बोलली तेव्हा सगळं सांगितलंन. तुमच्या ऐन उमेदीत दोन कंपन्या तुमच्या मागे लागल्या होत्या, त्यांच्या कबड्डीच्या संघासाठी. एकीचा पगार भरपूर, पण खेळशील तोवर. दुसरीचे साहेब स्वतः खोलीवर आले, पाटावर मांडी घालून पोहे खाल्ले आणि म्हणाले, "आमच्याकडे कायम होशील. गुडघा गेला तरी तुझी खुर्ची कुठे जात नाही." तुम्ही कमी पगाराची घेतलीत. मामालोकांनी तुम्हाला वेड्यात काढलं. तुमचं म्हणणं एवढंच की खेळ संपला तरी माणूस उरतो, त्याने जेवायचं कुठे? मग सात वर्षं तुम्ही त्यांच्यासाठी अंग झोकून दिलंत, ऑफिसातलं काचेचं कपाट चषकांनी भरून टाकलंत, आणि आठव्या वर्षी एका पकडीत गुडघा गेला तो गेलाच. साहेबांनी शब्द पाळला. म्हणजे ती खुर्ची कुणी दिलेली भीक नव्हती, तुम्ही ठरवून मागून घेतलेली होती. हे सगळं ऐकूनही मी तुमच्याजवळ येऊन दोन शब्द बोलले नाही. आज बोलू, उद्या बोलू करत राहिले, आणि तुम्ही माझ्याशी इतके पूर्वीसारखे वागत होता की नंतर गरजच वाटेना.

तुम्ही गेलात तेव्हा ही दोन वर्षांची होती. तेराव्याला तुमच्या स्टोअरमधले एक गृहस्थ आले होते, जाड चष्म्याचे. मला शोधत आले आणि कौतुकाने सांगायला लागले. म्हणाले, "ताई, अण्णांसारखा माणूस होणे नाही. एक दिवस आले आणि खिडकीतली खुर्ची उचलून आत ठेवली. रिटायर होईपर्यंत बारा वर्षं उभ्याने माल दिला. आम्ही म्हणायचो, अहो, गुडघ्याचं काय? तर म्हणायचे, पोरगी बघून गेलीय मला." त्यांना वाटत होतं ते मला काहीतरी छान सांगतायत. मी त्यांना जेवून जा म्हटलं आणि मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. बारा वर्षं, अण्णा! रोज संध्याकाळी आई तुमचा गुडघा शेकायची आणि मी शेजारी बसून अभ्यास करायचे, नंतर नोकरीवरून येऊन चहा प्यायचे. जुनं दुखणं आहे, असं धरून चालले होते मी. एकदा तरी बोलायचं होतंत. एक सणसणीत थोबाडीत दिली असतीत तरी चाललं असतं.

तर हे सगळं मी त्या दिवशी जेवता जेवता तुमच्या नातीला सांगितलं. तिला आजवर एवढंच ठाऊक होतं की आजोबा कारखान्यात होते. तिने पेन काढलं. दोन कंपन्या, पोहे, साहेबांचा शब्द, सगळं वहीत उतरवून घेतलं. "म्हणजे आजोबा स्टार होते?" होते बाई, होते. मग खुर्चीची गोष्ट आली आणि तिने विचारलं, "असं बोललं कोण त्यांना?" आणि मी म्हटलं, "होता एक सुपरवायझर." पटकन निघून गेलं तोंडातून. एका क्षणात त्या माणसाच्या गळ्यात घालून मोकळी झाले.

भाषणाचा सूर तिने पार फिरवला. घरी तालीम केली तेव्हा मी सोफ्यावर बसून ऐकलं. अमेरिकेतून सुरुवात केली आणि शेवटी तुमच्यावर आली. तिचं म्हणणं असं की त्या करारातली शेवटची वर्षं फुकट नसतात, ती आधीच खेळून झालेली असतात. काय बोलते हो! मला जे इतक्या वर्षांत नीट मांडता आलं नाही, ते या एवढ्याशा कार्टीने एका दमात सांगून टाकलं. शाळेत तुमचा फोटोसुद्धा दाखवला तिने, तो हाफ पँटमधला, दंड फुगवलेला. वर्गाने टाळ्या वाजवल्या म्हणे. पण घरी आली ती एक प्रश्न घेऊनच आली. "आई, मला एक कळत नाही. आजोबा एवढे स्ट्राँग होते. मग एका मूर्ख सुपरवायझरचं त्यांनी एवढं का मनावर घेतलं?" मी भांडी मशीनमध्ये लावत होते. म्हटलं, "काही माणसांचं लागतं गं." म्हणाली, "पण तो त्यांचा कोण होता?" मी नळ सोडला आणि ऐकू आलं नाही असं दाखवलं.

आज बुधवार आहे. बुधवारी मला सुट्टी असते आणि तिची शाळाही लवकर सुटते. मी हे लिहितेय आणि ती समोर बसून पावावर चॉकलेटचा चुरा भुरभुरून खातेय. आत्ताच विचारलं तिने, कुणाला लिहितेस? म्हटलं, आजोबांना. तिला ते फार आवडलं. "त्या माणसाबद्दल पण लिहिलंस?" हो, म्हटलं, त्याच्याबद्दलच चाललंय. मग उठून माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून तिने हा अख्खा कागद वरपासून खालपर्यंत बघितला, "छान दिसतं" म्हणाली आणि पुन्हा खायला बसली. तुम्हाला मराठीशिवाय दुसरं काही वाचता यायचं नाही म्हणून मी मराठीत लिहायला घेतलं, असं सकाळपासून स्वतःला सांगतेय. तसं नाहीये, अण्णा. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून.