डाव्या बोटाचा पास

बुध., ९ जुलै

फुटबॉलच्या गेमवाल्यांनी पास बदलला. कुणाला विचारलं? कुणालाही नाही. सकाळी चहा घेऊन टीव्हीसमोर बसलो तर 'अपडेट होत आहे'. तासभर होतच होतं. आणि झाल्यावर बघतो तर काय. दोन वर्षं जे बटण दाबलं की चेंडू गुमान आपल्या माणसाच्या पायात जायचा, तेच बटण दाबल्यावर आता तो सासरी निघालेल्या पोरीसारखा रेंगाळत जातो. वाटेत कुणीही उचलतो.

नवी रीत: डाव्या हाताच्या पहिल्या बोटाने वरचं बटण दाबून धरायचं. उजव्या अंगठ्याने पास मारायचा. चेंडूला पाय लागतो त्या क्षणी डावं बोट सोडायचं. मग चेंडू पुढच्या मोकळ्या जागेत जातो, आपला गडी धावत जाऊन घेतो. जरा आधी सोडलं, गेला. जरा उशीर झाला, गेला.

डावं बोट. हरामखोरांनो, नेमकं डावंच सापडलं?

चारला बबन येईल.

गुरु., १० जुलै

काल बबनला 'लाईट नाही' म्हणून सांगितलं. आज काय सांगू? कराडात लाईट जाते, पण माझ्या सोयीने जात नाही.

फेब्रुवारीत अर्धांगाचा झटका आला त्याला. पाय आला, तोंड आलं (तोंड तर जरा जास्तच आलं), डावा हात मागे राहिला. पलटणीच्या संघात डाव्या बगलेला खेळलेला माणूस, आता डाव्या हाताने पेला धरत नाही. व्यायामाच्या बाई आठवड्यातून दोनदा येतात. त्यांनी स्वच्छ सांगितलंय, पहिल्या सहा महिन्यांत जे येईल ते खरं, बोटं गप्प बसू देऊ नका. पाच महिने झाले. बाईंचा रबरी चेंडू दाबायला याला लाज वाटते, म्हणे तान्ह्या पोराचं खेळणं. गेम मात्र खेळतो. चिरंजीव पुण्याला जाताना गेमचं यंत्र इथंच टाकून गेले, त्यावर आम्ही दोघं एकाच संघात, रोज चार ते सहा. डाव्या अंगठ्याने गडी कसाबसा पळवतो, पास उजव्याने. भागत होतं.

भागत होतं हेच कंपनीला बघवलं नाही.

शनि., १२ जुलै

७–०. सातही गोल बबनच्या चुकलेल्या पासवर. बोट बटणावर जातं, पण दाबलं की सुटत नाही. सोडायला गेला की अख्खा हात सुटतो, रिमोट मांडीवर पडतो.

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दिल्या नाहीत. रिमोट टीपॉयवर नीट ठेवला, बंदूक जमा करतात तसा. म्हणाला, "उद्यापासनं तू एकटाच खेळ रं. मला काय जमायचं न्हाई."

मी म्हणालो, जा. ज्याला सात गोलांत रडू येतं त्याने हवालदारकी कशी केली? हे बोलायला नको होतं. बोललो.

बुध., १६ जुलै

चार दिवस आला नाही. आज रागारागात गेमचं सगळं पोट उकरलं. सेटिंगच्या तळाशी, चोरट्यासारखं: 'पासला मदत – बंद / चालू'. चालू केलं की बोट कसंही सोडा, गेम समजून घेतो. चेंडू मोकळ्या जागेत.

बबनच्या रिमोटला चालू केलं. माझ्याही. एकाला लावून दुसऱ्याला नाही, हे बरं दिसत नाही.

फोन केला. मला जमलं म्हणालो, युक्ती आहे, बोट ओलं करून धरायचं. तोंडाला आलं ते बोललो. आला. बोट जिभेला लावलं. चौथा की पाचवा पास... गेला. नुसता गेला नाही, दोघांच्या मधून गेला. मी पळालो, गोल.

बबन गोलाकडे बघत नव्हता. बोटाकडे बघत होता.

"गेला रं," म्हणाला. इतकंच.

रवि., २० जुलै

गावभर झालं. चहावाल्याला हवेत पास मारून दाखवतो. न्हाव्याला दाखवलं, वस्तरा गळ्यावर असताना. आज कळलं, व्यायामाच्या बाईंनाही सांगितलं: "हात आला, आता तुमी येऊ नका." रबरी चेंडू फ्रिजवर चढवला.

हे माझ्या हिशोबात नव्हतं. मला वाटलं होतं दोन-चार दिवस खूश राहील, खेळेल, बोटं हलतील. बोटं हलायचीच थांबली. मदत चालू असल्यावर हलवायची गरजच काय.

शुक्रवारच्या पेपरातलं माझं या आठवड्याचं सदर: फ्लेक्सवरचे कार्यसम्राट, दुसऱ्याने बांधलेल्या गटारावर स्वतःचा फोटो लावणारे. चांगलं उतरलंय. सौ.ने वाचलं आणि चष्म्यावरून बघितलं. तिला सगळं माहीत आहे, सेटिंग करताना मागेच उभी होती.

"दुसऱ्याच्या फुग्याला टाचणी लावायचा तुमचा धंदा. आणि घरात फुगा फुगवत बसलाय."

तिच्यावर चिडलो. तिने बरोबर बोलायला नको होतं.

शनि., २६ जुलै

बबन शिराळ्याला गेला. थोरली लेक राणी तिथं दिलीय, नागपंचमीला शिराळ्यात आप्तेष्ट जमतातच. पण हा पंचमीसाठी गेला नाही. हा व्याह्यासाठी गेला.

एप्रिलमध्ये राणीकडे गेला होता तेव्हा व्याह्यांनी चारचौघांत बशीत चहा ओतून, बशी याच्या तोंडाला लावली होती. मनात काही नसेल त्यांच्या. पण लेकीच्या सासरी, व्याह्याच्या हातून चहा पिणं! बबन ते विसरलेला नाही. जावयाकडे हाच गेम आहे. "आता बघ. व्याह्याला समोर बसवतो आन् डाव्या बोटानं दाखवतो."

स्टँडवर सोडायला गेलो. सांगायचं ठरवून गेलो होतो. तोंड उघडलं, तेवढ्यात शिराळा गाडी लागली आणि हा उजव्या हाताने दांडी धरून चढला, डावा हात खिडकीतून हलवला. मुद्दाम डावा.

अख्ख्या तालुक्याची अब्रू दर शुक्रवारी काढणारा मी. चार शब्द फुटले नाहीत.

मंगळ., २९ जुलै

पंचमी. सौ.ने पुरणाची दिंडं केली. दोन खाल्ली. दुपारी बबनला फोन लावला, बंद. पुन्हा लावला. बंद. गर्दीत रेंज नसेल.

नसेल कसली.

बुध., ३० जुलै

सकाळी नऊला त्याचाच आला. रामराम नाही, काही नाही.

"कवापासनं?"

मी म्हणालो, काय कवापासनं.

"मदत."

सोळा तारखेपासून, म्हणालो.

मग सांगितलं त्याने, सपाट आवाजात, रिपोर्ट दिल्यासारखं. व्याही, जावई, जावयाचे थोरले भाऊ, आत पडद्याआड राणी. सगळे बघायला बसलेले. याने बोट ओलं केलं. (ओलं बोट! त्याची शिक्षा मला कुठल्या नरकात मिळणार?) पहिला पास समोरच्याला. दुसरा समोरच्याला. दहा-बारा झाले. व्याही म्हणाले, "असू द्या पाव्हणं, होतंय असं." आणि जावई, बिचारा मदत करायला गेला: "मामा, तिकडं मदत चालू असंल तुमच्या. ही बघा, हितनं लावतो."

"त्यानं लावली आन् पास गेला," बबन म्हणाला. "सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. राणीनं बी."

मी म्हणालो, बबन, मी तुझ्यासाठी...

"माझ्यासाठी न्हाई रं. मी तोंड पाडून बसलेला तुला बघवंना, म्हणून. पंधरा दिस खाल्लंस तू माझं. बाईंना मी नगं म्हणलो. सहावा म्हैना चाललाय, लेखक."

ठेवला.

शुक्र., १ ऑगस्ट

रागाला जागा सापडत नाही. कंपनीवर काढावा तर कंपनीने मदत लपवून ठेवली होती, उकरली मी. जावयावर काढावा तर तो देवमाणूस. बबनवर काढतो: एवढं काय त्यात, खेळ आहे, दोन दिवसांत एक फोन करता येत नाही?

मीही करत नाही.

रवि., ३ ऑगस्ट

माझ्या रिमोटची मदत बंद केली. आजवर चालूच होती. म्हणजे मला पास 'जमला' तोही खोटाच. कार्यसम्राट.

५–०, ४–०, ६–०. मला दोन्ही हात धड आहेत. मैदानावर मी आयुष्यात एकदाच उतरलोय, शाळेत, पाण्याची बादली घेऊन. तरी दोन धड हातांनी हे हाल, तर बबनला आठवड्यात जमेल असं मी कुठल्या तोंडाने धरून चाललो होतो?

सोम., ४ ऑगस्ट

डाव्या बोटावर रुमाल गुंडाळून घट्ट बांधला. त्याच्या हाताने खेळून बघावं म्हणून. दहा मिनिटांत रिमोट भिंतीवर मारावासा वाटला. त्याने सात गोल खाऊन तो टीपॉयवर नीट ठेवला होता.

एक कळलं. रिमोट हातात न धरता मांडीवर टेकवला की बोटाला वजन पेलावं लागत नाही. नुसतं दाबायचं, सोडायचं. दाबणं सोपं. सोडणंच येत नाही. संध्याकाळी साडेपाचला एक गेला. रुमालासकट. सौ. भाजी निवडत होती, तिला म्हणालो बघितलंस? म्हणाली, मला काय सांगता, त्यांना सांगा.

बुध., ६ ऑगस्ट

बबनच्या घरी गेलो. दारात बायकी सँडल, व्यायामाच्या बाईंची. म्हणजे पुन्हा बोलावलंय. त्या चपलांना नमस्कार करावासा वाटला.

वहिनी दारातच. "आवं भाऊजी, ते झोपल्यात."

आतून बबनचा आवाज, परेडवरचा: "झोपलोय म्हणून सांग त्याला!"

वहिनी हसल्या नाहीत. मीही नाही. मांडीवर टेकवून धर, एवढं दारातूनच ओरडून सांगितलं आणि निघालो. शेजारच्यांनी काय अर्थ लावला कोण जाणे.

वाटेत चहावाल्याने विचारलं, हवालदार दिसंनात? आजारी आहे म्हणालो. आणखी एक खोटं.

रवि., १० ऑगस्ट

चारला दार वाजलं. बबन. आत आला, बसला. खिशातून रबरी चेंडू काढून टीपॉयवर ठेवला. रिमोट उचलला आणि आधी सेटिंगमध्ये गेला. तळापर्यंत. त्याचं: बंद केलं. मग माझं बघितलं. ते बंदच होतं. माझ्याकडे बघितलं आणि सामना लावला.

पहिला सामना ६–०. दुसरा ४–०. रिमोट मांडीवर टेकवून. ऐकलं होतं तर. कपाळावर घाम, डाव्या हाताची शीर उभी. मी चुकलो की "गाढवा", एवढंच बोलणं. मला ते गाढवा फार दिवसांनी ऐकल्यासारखं वाटलं.

तिसऱ्यात, शेवट-शेवट, चेंडू त्याच्याकडे. बोट दाबलं. मी बघत होतो: नखाखालचं मांस पांढरं झालं, मग बोट उचललं. एकटं. हात जागेवर, रिमोट जागेवर, फक्त बोट.

"पळ की रं भाड्या!"

पडद्याकडे बघितलं तर चेंडू मोकळ्या जागेतून रेषेबाहेर चाललेला आणि माझा गडी पुतळ्यासारखा उभा. मी पळवलाच नव्हता. मी बोट बघत होतो. गडी पळाला असता तर मिळाला असता की नाही, पास बरोबर पडला होता की नुसताच सुटला होता, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. बबन म्हणतो बरोबर होता. मी म्हणालो, मलाही तसंच वाटतंय.

"तू गप. तुझं वाटणं बघितलंय मी."

सहाला उठला. चेंडू खिशात घातला. रिमोट पिशवीत घातला आणि निघाला. रिमोट माझा आहे. घरी त्याच्याकडे यंत्र नाही. बोटाच्या सरावाला नेला, की माझ्या हाताला लागू नये म्हणून, हे विचारायची हिंमत झाली नाही.

उद्या येतोस का, तेही.