सालीवरचा संसार

१२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शाळेमागच्या झाडाला खरूज झालीय, औषध सांग, अशी थट्टा करून तू साल पाठवलीस. ती भिंगाखाली धरली आणि मी खुर्चीतून हललेच नाही. खरूज नाही रे ती. ते शैवाक आहे, दगडफुलाच्या नात्यातलं. बुरशी आणि शेवाळ यांनी सालीवर थाटलेला संसार. ही जात आजवर एकाच जंगलात, एकदाच सापडलीय आणि ते जंगल आता उरलेलं नाही. आमच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या बाईंनी तर चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. झाडाला कुणाला हात लावू देऊ नकोस. रजा मिळाली की निघतेच.

तुझीच,
छकुली

१८ मार्च

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचतच शाळेच्या मागच्या दारी गेलो, तर झाड नव्हतं. नव्या वर्गखोल्यांसाठी सकाळीच तोडलं म्हणे. पुढचा तास कुणी घेतला, मला ठाऊक नाही. तुझ्या वहिनीने ऐकलं, चपला घातल्या आणि मलाच ओढत वखारीत नेलं. खोड सोलून झालेलं, साल भट्टीसाठी ढिगात. कचऱ्यापायी एवढा जीव का टाकता, असं वखारवाल्याने विचारलं. ही त्या ढिगावरच जाऊन बसली. शेवटी त्यानेच टोपली आणून दिली. शैवाकाचे ठिपके असलेले तुकडे निवडून आणलेत. आता काय करू?

तुझा,
दादा

२३ मार्च

ती. दादास सा. न.

तोडलेल्या झाडाच्याच जातीचं जिवंत झाड शोध आणि तुकडे दोऱ्याने त्याला सावलीच्या बाजूने बांध. बाई म्हणतात, फार आशा धरू नका. शनिवारी पोचते.

छकुली

९ ऑगस्ट (पुढचं वर्ष)

प्रिय वन्सं, स. न. वि. वि.

तुम्ही येऊन तुकडे नव्या झाडाला बांधून गेलात, त्यानंतर एकेक तुकडा पांढरा पडला. ह्यांनी तिकडे बघणंच सोडलं. आज मी दोरे कापायला गेले. शेवटच्या तुकड्याच्या कडेला, झाडाच्या स्वतःच्या सालीवर, मोहरीएवढा करडा-हिरवा ठिपका. मी किंचाळले. साप निघाला समजून हे काठी घेऊन धावले. पाहिलं आणि काठी टाकून ठिपक्याला नाक लावून बसले. हा तळहाताएवढा व्हायला किती वर्षं लागतील, असं मला विचारत होते. मी म्हटलं, “आपण असू तोवर बघू.”

लोभ आहेच, या बातमीने थोडा वाढवा.

तुमची,
वहिनी