उद्या चार वाजता जनावरं

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

लिहून टाकलं एकदाचं! सकाळी दूध घालायला गेले तेव्हा डेअरीच्या फळ्यावर, फॅटच्या दराखाली, चांगल्या ठसठशीत अक्षरात — 'उद्या चार वाजता रोहिणीच्या ओसरीत जनावरं. लहान मुलांना जरूर पाठवा.'

आधी 'प्राणी' लिहिणार होते. पण प्राणी म्हटलं की पोरांना शाळा आठवते, आणि रविवारी शाळा कुणाला हवी? म्हटलं, कळसमध्ये राहायचं तर कळसच्या भाषेत बोलवावं. आज स्वतःवर फार खूश आहे!

पोरांना वाचून दाखवायची पुस्तकं भाऊबीजेची. रणजितला आधीच सांगून ठेवलं होतं — साडी नको, या खेपेला ओवाळणीत पुस्तकं घाल. शहाण्या भावाने वालचंदनगरहून पिशवी भरून आणली. घुबडं, लांडगे, मुंग्या, वटवाघळं, साप. बोलणारे ससे नाहीत की हुशार कोल्हे नाहीत, सगळी खरीखुरी माहिती. आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, हे अजून पचलेलं नाही. भावानं ताटात रद्दी घातली, असं साऱ्या आळीला सांगून झालंय. पण ओसरी दिली. पोरांनी पाय धुऊन यायचं, एवढीच अट.

रविवार, २ नोव्हेंबर

तोंड दाखवायला जागा राहिली नाही!

चारच्या ठोक्याला पहिल्या आल्या सिंधुबाई. पोर नाही, गाय घेऊन. कालपासून चारा खात नाही, डॉक्टर कुठं बसलेत म्हणून विचारायला लागल्या. त्यांची समजूत घालतेय तोवर झुंबरतात्या हजर — डोक्याला टॉवेल गच्च बांधलेला, हातात काठी. ओसरीच्या कोपऱ्याकोपऱ्यात वाकून बघायला लागले.

"कुठं निघालंय?"

"काय निघालंय तात्या?"

"जनावर. फळ्यावर तुमीच लिवलंय न्हवं? आन आसल्या टायमाला बारकी पोरं बोलवत्यात व्हय कुनी?"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. इकडे 'जनावर निघालं' म्हणजे साप निघाला! वालचंदनगरच्या कॉलनीत वाढलेल्या या बाईला इतकी वर्षं नांदून एवढं कळू नये? अर्ध्या गावाने वाचलं, गुरांचा कॅम्प आहे. उरलेल्या अर्ध्याने वाचलं, रोहिणी ओसरीत साप सोडणार आहे, लहान मुलांना जरूर पाठवा.

मूल आलं एकच. शेजारची छकुली, दुसरीतली. आईने जाऊ नको म्हणून बजावलं होतं, म्हणून आली. मग तिला, तात्यांना, सिंधुबाईंना आणि गायीला मुंग्यांचं पुस्तक वाचून दाखवलं. तात्या शेवटपर्यंत बसले. काठी मात्र सोडली नाही.

आत्यांनी संध्याकाळभर भांडी जरा जास्तच वाजवली.

सोमवार, ३ नोव्हेंबर

फळा पुसून 'प्राणी' लिहिलं. डेअरीत सगळे गालात हसत होते. माझं नाव पडलंय — जनावरवाल्या ताई. पडू दे, फुकटची जाहिरात!

रविवार, ९ नोव्हेंबर

ओसरी भरली! चपलांचा ढीग बघून आत्यांनाही घटकाभर बरं वाटलं असणार. तसं म्हणाल्या नाहीत म्हणा.

घुबड घेतलं. घुबडाला डोळे फिरवता येत नाहीत, म्हणून ते अख्खी मान फिरवतं, असं वाचलं मात्र, सगळी पोरं डोळे वटारून माना फिरवायला लागली. छकुलीचा भाऊ समर्थ मानेसकट स्वतःच फिरला आणि वैरणीच्या पेंढीवर जाऊन आपटला. घुबड अपशकुनी की नाही यावर हाणामारी व्हायची वेळ आली. पण एक घुबड किती उंदीर फस्त करतं ते वाचल्यावर पार्टी बदलली. उसात उंदरांनी काय धुमाकूळ घातलाय ते प्रत्येकाला घरून ठाऊक. एक जण गंभीरपणे म्हणाला, ताई, आमच्या बांधाला दोन घुबडं लावूया की. नारळाचं रोप लावावं तशी! हसून हसून माझं पोट दुखलं.

मग छकुलीने पिशवीत हात घातला आणि नेमकं सापांचं पुस्तक वर काढलं. वर फणा काढलेला नाग.

आत्या आतून बाहेर आल्या. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

"त्ये मिटव. ह्या घरात त्येचं नाव न्हाय घ्यायचं. उघडलंस तर ओसरी बंद."

पोरं गुपचूप चपला घालून गेली.

बुधवार, १२ नोव्हेंबर

माझंही डोकं फिरलेलंच आहे. पिशवीतलं खरं कामाचं पुस्तक कोणतं, तर तेच! पोरं दिवसभर उसात, पाचटात हुंदडतात. कोणता विषारी, कोणता गरीब, कळायला नको? आणि तेच पुस्तक चार दिवस ज्वारीच्या कोठीवर पालथं पडलंय.

आत्यांच्या तोंडून 'साप' हा शब्द मी कधी ऐकलेला नाही. लांबडं म्हणतात, किरडू म्हणतात. दिवेलागणीनंतर तेही नाही, नुसतं 'त्ये'. चावलं म्हणायचं नाही, 'पान लागलं' म्हणायचं. नवी नवरी असताना मी विचारलं होतं, विड्याचं का? सगळे हसले होते, आत्या सोडून.

नवऱ्याला, सुयोगला म्हटलं, तुझ्या आईला तू तरी सांग. तो म्हणाला, त्या वाटेला जाऊ नकोस. लहानपणी त्याने एकदा तिन्हीसांजेला तो शब्द उच्चारला आणि गालावर बसली. का, ते त्यालाही माहीत नाही. एरवी त्यांनी त्याला कधी बोट लावलं नव्हतं.

ओसरी गेली तर सगळंच गेलं. गप्प बसते.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

छकुलीने तह केला! मला जे पाच दिवस जमलं नाही ते या चिमुरडीने पाच मिनिटांत.

आत्या पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. ही जाऊन शेजारी बसली, न सांगता सोलायला लागली. अर्धं सूप झाल्यावर हळूच म्हणाली, "आजी, आमी नाव घेतच न्हाय. पुस्तकात लिवलंय तितं समद्यांनी लांबडं म्हणायचं. मग तर चालंल?"

आत्यांनी तिच्या पुढ्यात आणखी मूठभर शेंगा सरकवल्या. मग एवढंच म्हणाल्या, "उजेडी वाचायचं. दिवं लागायच्या आत मिटवायचं."

वकील व्हायची ही पोरगी.

रविवार, १६ नोव्हेंबर

असं वाचन जन्मात केलं नव्हतं! छापलंय 'साप', तोंडाने 'लांबडं'. विषारी लांबडी, बिनविषारी लांबडी, लांबड्याची कात. चुकून खरा शब्द निघाला तर गोठ्याला एक फेरी. समर्थ मुद्दाम चुकत होता, हे मी पाहिलं. आणि एकदा मीच चुकले! पदर खोचून पळाले गोठ्याभोवती, मागून पोरांचा आरडाओरडा, म्हशी उठून उभ्या राहिल्या.

झुंबरतात्या आले होते, या वेळी बिनकाठीचे. धामण म्हशीच्या पायाला वेटोळं घालून दूध पिते, हे त्यांनी शपथेवर सांगितलं. छकुलीने पान काढून त्यांच्या नाकाखाली धरलं — लांबड्याला ओढून दूध पिताच येत नाही, धामण खाते उंदीर. तात्या विचारात पडले. म्हणाले, मग आमच्या म्हशीचं दूध पितंय तरी कोन? सिंधुबाई म्हणाल्या, घरातच बघा. त्यावर जो हशा पिकला!

आत्या दारात पाठ करून मेथी निवडत बसल्या होत्या. ऐकतच नाही असं दाखवत. मग कानाचं पान आलं. लांबड्याला बाहेरून कान नसतात. जमिनीचा हादरा कळतो, थोडाफार आवाजही कळतो. पण बोलणं समजत नाही, आणि पुंगीवर डोलतं ते सुरावर नाही, पुंगी हलते तिच्याकडे बघून.

मेथीचा आवाज थांबला होता. आत्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "त्ये परत वाच."

परत वाचलं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

धुणं वाळत घालताना आत्यांनी तेच पुन्हा विचारलं. बोललेलं समजत नाही, हे खरं का? आणि लांबून कुणी नाव घेतलं तर? मी म्हटलं, आपण त्याला काय नाव ठेवलंय हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार? वर चेष्टाही केली — आत्या, तुम्हीही आता रविवारी पाय धुऊन या!

हसल्या नाहीत. पिळलेलं लुगडंच पुन्हा पिळत बसल्या.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

देवापुढे दिवा लावून आत्या ओसरीत माझ्याजवळ येऊन टेकल्या. त्यांना सारजा नावाची धाकटी बहीण होती, हे मला आज कळलं. लहानपणी अशाच तिन्हीसांजेला त्यांनी तिला भिववायला म्हणून 'साप, साप' म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी सारजाला पाचटात पान लागलं. ती गेली. आई म्हणाली, तूच हाक मारलीस त्याला.

बाहेर अंधारून आलं होतं. आत्यांनी पदर सावरला, अंगणाकडे तोंड केलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "साप."

थांबल्या. कान देऊन बसल्या. मग पुन्हा एकदा, "साप."

आणि मग माझा हात धरून, अगदी हळू — "न्हायच कळत गं त्येला."