कोरडे धोतर

भोर, ता. ३ मे १९३८

चि. मधूस उपेंद्रचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. तुझी खुशाली आई रोज ऐकवते. तिला दुसरा विषयच नाही. मधू पुण्याच्या तलावात चाळीस फेऱ्या मारतो, हे आळीतल्या मांजरांनाही पाठ झाले आहे.

स्पष्टच लिहितो, मला तुझा हेवा वाटतो. आपला गणपती डोहाच्या मध्यावर न्यायचा मान थोरल्याचा. पण मला पोहता येत नाही, म्हणून गेली नऊ वर्षे मूर्ती तुझ्या हाती आणि तुझे कोरडे धोतर धरून मी काठावर! लोक तुझी वाहवा करतात आणि मला विचारतात, धोतर कुणाचे?

यंदा मूर्ती मी नेणार. गेनबाच्या मळ्यातल्या विहिरीत रोज सकाळी शिकतो आहे. पाठीला भोपळा आहे, हसू नकोस. एका फेरीत नाकी नऊ येतात.

आहे तो लोभ राहू दे, वाढवायची घाई नाही.
उपेंद्र

पुणे, ता. ११ मे १९३८

ती. दादांस मधूचा सा. न. वि. वि.

भोपळ्याचे वाचून इतका हसलो की हेडक्लार्क रागावले. दादा, तुम्ही पाण्याशी भांडत असणार. श्वास पाण्यात सावकाश सोडा. एक फेरी झाली की काठ धरून थांबा, आणि आठवड्याला एकच फेरी वाढवा. माझ्या चाळीस अशाच झाल्या.

मान मात्र सहजी सोडणार नाही हं! वहिनींना नमस्कार.

रागावलात तरी लोभ असू द्या.
मधू

भोर, ता. १४ ऑगस्ट १९३८

चि. मधूस अनेक आशीर्वाद.

सोळा फेऱ्या! गेनबा दर पंधरवड्याला आधीच्यापेक्षा लहान भोपळा बांधत होता. परवा पाठीला हात लावला, तर नुसती दोरी. गेनबा म्हणाला की आठ दिस झालं दोरीच हाय, तुमी इचारलंच न्हाई.

धावत येऊन आईला सांगितले. ती म्हणाली, मधूच्या चाळीस आहेत. त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

मधू, यंदा तू येऊ नकोस. तू काठावर असलास की माझ्या सोळा फेऱ्यांना कोण विचारतो? धाकट्याला सणाला येऊ नको लिहिताना लाज वाटते, तरी लिहितो.

लोभ कमी झाला असे मात्र समजू नये.
उपेंद्र

पुणे, ता. २० ऑगस्ट १९३८

ती. दादांस सा. न. वि. वि.

मी येणार. माघात माझ्या छातीत पाणी झाले. डॉक्टरांनी पोहणे कायमचे बंद केले आहे. आईला कळवू नये. चाळीस फेऱ्या गेल्या वर्षीच्या. मे महिन्यात हसलो म्हणून लिहिले, तेही खोटे. तुमचे पत्र तलावाकाठी बसून वाचले आणि मत्सराने जळलो. नऊ वर्षे तुम्ही काठावर कसे उभे राहिलात, ते तेव्हा कळले.

मूर्ती हातात असली की दुप्पट दम लागतो. उरलेले दिवस एका हातात रिकामा पाट धरून पोहा. फेऱ्या निम्म्यावर येतील, घाबरू नका.

आजवर सांभाळलेत, तसेच पुढेही सांभाळा.
मधू

ता. क. कोरडे धोतर मी धरीन. कुणाचे म्हणून कुणी विचारलेच, तर आमच्या दादांचे म्हणून सांगेन.