चिंधी बांधलेली झाडे

मी, खाली सही करणारी, धंद्याने शिंपीण, वयाने म्हातारी, ह्यांच्या मागे एकटी राहणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. आणू पाहणाऱ्याचे काय होते ते घरच्यांना विचारावे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. डोके तापलेले आहे हे त्यांनी दाखल्यात लिहिलेले नाही, म्हणून ते मी इथे लिहिते. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते थंड डोक्याने केले होते, आणि त्यात बरेच जण फुकट सुटले होते.

कलम १. शहरातले घर, म्हणजे मागच्या दोन खोल्या आणि रस्त्याकडेची दुकानाची खोली, भांड्याकुंड्यांसह मुलीला द्यावे. मुलगी आमच्या टेकडीवरच्या जमिनीवर आली ती मोजक्या वेळा, आणि दर वेळी पायांत बूट आणि मनात सापांचे भय घेऊन आली. पण मला तिथे करमत नाही, असे तिने तोंडावर सांगितले. उगाच माना डोलावल्या नाहीत. तिच्यावर माझा राग नाही. न्हाणीघरातला नळ गळतो, तो तिने आधी बघावा.

कलम २. बँकेतली शिल्लक मुलगा आणि मुलगी यांना सारखी. यावरून जो तोंड उघडेल त्याचा वाटा दुसऱ्याला.

कलम ३. शिलाई मशीन, कापायचे टेबल आणि इस्त्री माझ्या काजबटणवालीला. दुकान उघडले त्या दिवसापासून शटर खाली ओढले त्या दिवसापर्यंत ती माझ्याकडे होती आणि रेडिओ कोणी लावायचा यावरून आमचे रोज वाजायचे. मशीनचे पायडल कुरकुरते. तेल घातले तरी कुरकुरते. तिची त्याला सवय आहे.

कलम ४. कात्र्या दोन आहेत. मोठी, कापडाची, तीही काजबटणवालीला. दुसरी माझ्या दिरांना, म्हणजे भाऊजींना. ही दुसरी कात्री मुळात पहिलीपेक्षा चांगली होती. भाऊजी एकदा पाहुणे म्हणून आले, मी बाहेर गेले होते, आणि त्यांनी तिने वर्तमानपत्रातली कात्रणे कापली. मग पुठ्ठा कापला. मग तार कापून बघितली. मी परत आले तर म्हणतात, वहिनी, तुमच्या कात्रीला धार नाही. ती मी इतकी वर्षे जपून ठेवली आहे ती केवळ या कलमासाठी. याखेरीज त्यांना माझ्याकडून काहीही मिळू नये. कारण पुढे येते आहे.

कलम ५. आता जमीन.

टेकडीच्या उतारावरची ती जमीन आम्ही घेतली तेव्हा भाऊजींनी नाक मुरडले होते. काटे विकत घेतलेत, म्हणाले. खरेच होते. काटेरी झुडपांचे असे रान माजले होते की आपली हद्द कुठे संपते तेही दिसत नव्हते. पहिल्या दिवशी हे आणि मी गुडघ्यांवर रांगत आत शिरलो आणि माझी चांगली साडी तिथेच राहिली. ह्यांची बस दुरुस्तीच्या आगारात नोकरी, माझे दुकान, म्हणजे हाताशी फक्त रविवार. कोयत्याने फांद्या छाटायच्या, कुऱ्हाडीने खोड पाडायचे, मग पहारीने मूळ उकरायचे. मूळ राहिले तर ते झुडूप दुपटीने फुटते. हात सोलून निघायचे. सोमवारी गिऱ्हाइकाच्या रेशमी कापडाला माझे बोट अडकायचे.

त्या काट्यांच्या गर्दीत मधूनमधून चांगली झाडे होती, गुदमरलेली. ती चुकून कापली जाऊ नयेत म्हणून खूण हवी होती. इतरत्र तोडायच्या झाडाला खूण करतात. आमच्याकडे तोडायचीच इतकी होती की दुकानातले सगळे कापड संपले असते. म्हणून आम्ही उलट केले. राखायचे त्याला चिंधी. दुकानातल्या कातरणाच्या पट्ट्या मी पिशवी भरून न्यायची आणि ज्याला हे म्हणतील, याला राहू दे, त्याला बांधायची. खोड जाड झाले की गाठ सैल करायची, रंग उडाला की नवी बांधायची. आमच्या जमिनीवर चिंधीचा अर्थ एकच होता: याला हात लावायचा नाही.

चिंधीवाल्या झाडांना नावे होती. एक वाकडी होती. दोन जुळे होते. एक सासूबाई होती, खाली कोणी जरा टेकले की डोक्यावर काटक्या टाकणारी. आणि एक भाऊजी होते, ज्याला ना सावली ना फळ, नुसतेच वाढलेले. त्याला चिंधी नव्हती. तोडायचे राहून गेले होते इतकेच.

काटे हटले तसे आम्ही तिथे सुखाने राहायला शिकलो. एक पत्र्याची खोली बांधली. सपाट दगडावर बसून चहा प्यायचा, जुळ्यांच्या मध्ये खाट टाकून ह्यांनी घोरायचे, मी कोणाच्याही मापाचा विचार न करता आभाळाकडे बघत पडायचे. हे गायचे. भसाडा आवाज होता, पण ऐकायला वाकडीशिवाय कोणी नव्हते. माझ्या आयुष्यात जे सुख म्हणून झाले ते त्या उतारावर झाले, आणि ते कोणी दिलेले नव्हते, आम्ही दोघांनी पहारीने उकरून काढलेले होते. हे गेल्यावर मी तिथेच राहायला गेले, कारण तिथे मला हे नसल्याची भीती वाटत नसे.

कलम ६. गेल्या हिवाळ्यात माझे कंबरेचे हाड मोडले. मुलाने मला त्याच्या घरी नेले, माझे सगळे केले, ते मी नाकारत नाही. पण मी खाटेवर असताना भाऊजी येऊन त्याचे कान भरून गेले. म्हातारीचे तिथले काम संपवून टाक, म्हणजे ती आपोआप इथे राहील. मुलाने झाडतोड्या ठेकेदार गाठला. ठेकेदाराने जमिनीवरून फोन केला की कुठली पाडू. मुलाने ऑफिसच्या खुर्चीत बसून उत्तर दिले.

मी काठी टेकत चालू लागले तेव्हा तो मला गाडीतून तिकडे घेऊन गेला. वाटेत खुशीत होता. म्हणाला, "आई, तुझं सगळं काम करून ठेवलंय. आता तिथं जाऊन नुसतं बसायचं."

उतरले. जुळे नव्हते. वाकडी नव्हती. सासूबाई नव्हती. बुडखे होते, आणि बुडख्यांभोवती माझ्या दुकानाच्या चिंध्या पडल्या होत्या. उरलेली काटेरी झुडपे मात्र जिथल्या तिथे, अंगाला एक ओरखडा नाही. आणि मधोमध, एकटे, भाऊजी.

मी विचारले, "कुठली तोडायला सांगितलीस?"

"खूण केलेली," तो म्हणाला. "चिंध्यावाली. तूच बांधल्या होत्यास ना?"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून उतरलेली नाही. चूक ठेकेदाराची नाही. त्याने सांगितले ते केले. राग याचा आहे की ज्या जमिनीवर याचे आईबाप जगले, तिथल्या एका चिंधीचा अर्थ विचारावा असे याला उभ्या जन्मात वाटले नाही. दर सुट्टीत दगडावर पुस्तक घेऊन बसायचा आणि विचारायचा ते एवढेच, आई, घरी कधी निघायचं. मी चिंधी म्हणजे काय ते सांगितले तेव्हा तो एका बुडख्यावर बसला आणि बराच वेळ उठला नाही. मी त्याला हात दिला नाही.

मी पत्र्याच्या खोलीत परत राहू लागले. पुढच्या रविवारी तो आला. मी बोलावले नव्हते. पहार घेतली आणि काट्यांच्या मुळाशी लागला. पहार धरायची अक्कल नाही, संध्याकाळपर्यंत तळहात फोडांनी भरले. त्यानंतरचे सगळे रविवार तो येतो आहे. मी त्याच्याशी बोलत नाही. चहा दगडावर ठेवते, तो पितो.

आता बुडख्यांना फुटवे आले आहेत. एकेका बुडख्याला झुबकाच्या झुबका. त्यातला एक दमदार तेवढा राखायचा असतो, बाकीचे काढायचे, तर त्याचे पुन्हा झाड होते. मागच्या रविवारी तो जुळ्यांपाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "आई, यातला कुठला ठेवायचा?" मी चिंध्यांची पिशवी त्याच्यापुढे टाकली. त्याने निवडले ते बरोबर निवडले, पण गाठी फार आवळून बांधल्या. तो गेल्यावर मी काठी टेकत फिरले आणि सगळ्या सैल केल्या.

कलम ७. म्हणून जमीन, पत्र्याची खोली, कोयता, कुऱ्हाड, पहार आणि चिंध्यांची पिशवी मुलाला देते. फुटव्यांची सावली माणसाच्या अंगावर पडेपर्यंत त्याने ती विकू नये. काटे स्वतः काढावेत, ठेकेदाराला पाऊल ठेवू देऊ नये. पहिल्यांदा भाऊजी हे झाड तोडावे, मुळासकट. आणि काम झाले की घरी जायची घाई न करता सपाट दगडावर बसावे. ही अटच आहे, सल्ला नाही. यातले काही मोडले तर जमीन मुलीकडे जाईल, साप असले तरी.

मी त्याला माफ केलेले नाही. हे वाक्य जाड अक्षरात आहे असे समजावे.

वकील म्हणाले, इतका राग आहे तर मुलाचे नाव कापून टाका, कायद्याने तुम्हाला मोकळीक आहे. मी त्यांच्या टेबलाशी बसून दोनदा पेन उचलले. मग इथे परत येऊन पिशवीतून एक चिंधी काढली आणि या कागदाला, मुलाच्या कलमाशेजारी, सुईदोऱ्याने टाचली. ती कोणी काढू नये. तिचा अर्थ वकिलांना कळणार नाही, पण त्याला आता कळतो.

हे सर्व मी लिहिले, वाचले, आणि एकही अक्षर मागे घेत नाही.

ठिकाण : जमिनीवर, सपाट दगडापाशी
दिनांक : नऊ मार्च दोन हजार चोवीस

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार :
१. (सही) डॉक्टरबाई, ज्यांनी माझे हाड बसवले
२. (सही) बांधापलीकडचे मधवाले, ज्यांच्याशी कुंपणावरून माझे बोलणे बंद आहे. सही खरी आहे, कुंपण मात्र अजून आमच्या हद्दीत आहे.